विमलक्काचा बर्फावरचा आठ

देगलूरच्या स्टँडवरून मी हैदराबादच्या बसमध्ये बसलो, तेव्हा मला पोचवायला अख्खा तालुका लोटला होता. तुम्ही गावाकडची मंडळी म्हणाल, हणमंता, आम्ही होतो ना तिथं. तुझे आबा, एक चुलता आणि कुणाची तरी चुकार शेळी, एवढीच गर्दी होती. असेल. पण खिडकीतून बघणाऱ्याला गर्दी जास्त दिसते. आबांनी गजातून हात घालून माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "जाशील तिथं पाय रोवून उभा ऱ्हा. हलू नको."

मी पंचवीस वर्षं हलायचं नाव घेतलं नाही. हैदराबादेत चिक्कडपल्लीला खोली घेतली, तिथंच संसार मांडला, आणि सरकारी खात्यात ज्या खुर्चीला चिकटलो तिला माझ्यासकट मुळं फुटली. श्रावणात पालवी यायची. देगलूरला मी भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडायचो. इथं इडली चमच्यानं खायला लागलो. बोलण्यात 'हौ' आणि 'नक्को' कधी शिरले कळलं नाही. माझी मुलगी मराठीत फर्मास भांडते, पण मराठी वाचायला दिलं की चष्मा पुसत बसते. म्हणून हे तिला वाचून दाखवणार आहे. तुम्ही तिकडे आपापलं वाचा. आणि माझ्यासारखे जे घर सोडून कुठं कुठं गेले, त्यांनीही.

आंध्रातून तेलंगणा निघून राज्याची वाटणी झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या कचेरीत कपाटांच्या, फायलींच्या, खुर्च्यांच्या याद्या चालल्या होत्या. पंख्याला पाती तीन आणि राज्यं दोन, यावर दोन बैठका झाल्या. शपथेवर सांगतो, माझ्या शपथेचं वजन तुम्हाला माहीतच आहे. माणसांचीही वाटणी व्हायची होती. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, या काळजीनं भले भले सुकले. फक्त आमच्या सेक्शनच्या सुपरिंटेंडेंट विमल वाघमारे दर सोमवारी गुडघ्याला नवा निळा डाग घेऊन हसत यायच्या.

सगळी कचेरी त्यांना विमलक्का म्हणायची. वय एक्कावन्न, घर दिलसुखनगरला, दारात बुद्धाची छोटी मूर्ती. त्यांचे वडील नांदेडकडून येऊन सिकंदराबादला रेल्वेत गँगमन झाले होते. अक्का भाच्याच्या वाढदिवसाला हायटेक सिटीकडच्या एका मॉलमध्ये गेल्या, तिथं बर्फाचं स्केटिंग रिंक पाहिलं, आणि पुढच्या रविवारी एकट्याच परत जाऊन पायात पात्याचे बूट बांधले. हैदराबादच्या मे महिन्यात. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत ही बाई सलवार-कमीजवर स्वेटर घालून थरथरत उभी.

मी कधीतरी डबा खाताना सांगून बसलो होतो की, काश्मीरला गेलो तेव्हा बर्फावर मी असा फिरलो की मिलिटरीवाल्यांनी सलाम ठोकला. अक्कांनी ते लक्षात ठेवलं आणि मला धरून नेलं. काश्मीर मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. रिंकवर पहिलं पाऊल टाकलं, आबांचं ऐकून पाय रोवले, आणि पुढच्या क्षणी छताचे दिवे मोजत पडलो. बर्फावर पाय रोवून उभं राहता येत नाही. तिथं हलत राहणाराच उभा राहतो.

मग उद्दिष्टं ठरली. मी जाहीर केलं, तीन महिन्यांत हवेत गिरकी. रिंकवरच्या शिकवणाऱ्या बाई शिमल्याकडच्या. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सभ्यपणे खोकल्या. अक्कांनी पर्समधून जुन्या पाकिटाचा तुकडा काढून लिहिलं: 'या महिन्यात नीट पडायला शिकणे.' मी इतका हसलो की पुन्हा पडलो, आणि तेही चुकीचं. महिनाभरात अक्का अशा पडायला लागल्या की जणू पाटावर बसताहेत. पुढच्या तुकड्यावर, कठडा सोडून वीस पावलं. त्यापुढं, एका पायावर पाच आकडे म्हणेपर्यंत. गुडघा सुजला की त्या आकडा कमी करायच्या, लाज न वाटता. मी म्हटलं, अक्का, हे म्हणजे माघार. त्या म्हणाल्या, "उद्दिष्ट आपल्या गुडघ्याला विचारून ठरवायचं, हणमंता. बघणाऱ्यांना विचारून नाही."

माझी गिरकी अजून यायची आहे. अक्का मात्र दीड वर्षात तिथवर पोचल्या, जिथं मला मान वर करून बघावं लागलं. आता त्यांना इंग्रजी आठाचा आकडा काढायचा होता. एका पायावर, पात्याच्या बाहेरच्या धारेवर एक पूर्ण गोल, परत मध्यावर. मग दुसऱ्या पायावर दुसरा गोल, आणि जिथून निघालो तिथंच शेवट. मोकळा पाय टेकला की खेळ खलास. तुकड्यावर मुदत पुढच्या वर्षाअखेरची होती.

इकडे कचेरीत ऑप्शनचे फॉर्म आले. दोन्हींपैकी कुठलं राज्य हवं ते लिहायचं, आणि त्याखाली मूळ जिल्हा. अक्का सिकंदराबादला जन्मल्या, तिथंच शिकल्या. पण वडील मरेपर्यंत सांगायचे की आपण हैदराबाद स्टेटचे, गाव नांदेडचं, ते कधी लपवायचं नाही. अक्कांनी राज्य तेलंगणा लिहिलं, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात, नांदेड. हा जिल्हा तेलंगणात नाही, आंध्रातही नाही. कॉम्प्युटर बिचारा बुचकळ्यात पडला असणार. ही चूक आपलंच माणूस करू शकतं. मी देगलूरचा असून गुपचूप हैदराबाद लिहून मोकळा झालो होतो. यादी आली. मी इथंच. अक्का आंध्रात, महिन्याच्या आत विजयवाड्याला हजर. तिथं ऊन आहे, कृष्णा आहे, बर्फ नाही.

अक्कांना इथंच ठेवा म्हणून मी अर्ज लिहायला बसलो. असा अर्ज लिहिला की दगडाला पाझर फुटावा, आणि दोन मुख्यमंत्र्यांनी गळ्यात गळे घालावेत. अक्कांनी सही केली, पाठवला, आणि म्हणाल्या की अर्ज त्याच्या चालीनं चालेल, आपल्या हातात चार रविवार आहेत. शिमल्याच्या बाईंनी सुचवलं, जाता जाता एक छोटी उडी शिका, फोटो छान येईल. अक्कांनी नको म्हटलं. नवा तुकडा काढला: 'एकच आठ. एकदाच. पाय न टेकता.'

पहिल्या तीन रविवारी पाय टेकला. एकदा पहिल्याच गोलात, दोनदा दुसऱ्यात. तिसऱ्या रविवारी त्या बूट सोडून गुडघा चोळत बसल्या. मी खूप मोठं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि, तुम्हाला पटणार नाही, पण मिटलं.

शेवटच्या रविवारी बाईंनी दहा मिनिटं रिंक मोकळं करून दिलं. अक्का मध्यावर उभ्या राहिल्या. उजवा पाय. गोल असा निघाला की कुंभारानं मान डोलवावी. मध्यावर पाय बदलला. डाव्या गोलाच्या पलीकडच्या टोकाला त्यांचा वेग मेला. खांदा कलला, मोकळा पाय बर्फापासून दोन बोटांवर आला. माझा श्वास चिक्कडपल्लीपर्यंत अडकला. पाय टेकला नाही. त्या रांगत्या वेगानं आल्या, आल्या आणि थांबल्या.

मी ओरडलो, झाला, आठ पुरा झाला.

अक्का वाकल्या. बर्फावरची पांढरी रेघ पाहिली. हातमोजा काढून अंगठा रेघेच्या टोकाला टेकवला आणि करंगळी सुरुवातीच्या खुणेपर्यंत ताणली.

"वीतभर राहिलं," त्या म्हणाल्या.

"अक्का, वीतभर कोण बघतंय? मी गावाकडे कळवतो, बरोब्बर जुळला म्हणून."

"वीतभर राहिलं असंच कळव. पाय टेकला नाही, तेही कळव. माझं ठरलं होतं तेवढं झालंय." त्यांचा चेहरा असा होता की मला दिव्यांकडे बघावं लागलं. "आणि जिथून निघालो तिथंच कोण पोचतं रे? बाबा तरी कुठं पोचले?"

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला जसं घडलं तसं कळवलं. कुणीच विश्वास ठेवला नाही.

अर्ज अजून चालतोच आहे. अक्का विजयवाड्याला क्वार्टरच्या गच्चीवर सहा बायकांना सकाळी एका पायावर उभं करतात. नवं उद्दिष्ट, सातवी बाई मिळवणे.

मी आता देगलूरला उतरतो, तेव्हा पुतण्याची बायको मला पाव्हण्यांच्या कपात चहा देते. चिक्कडपल्लीत परतलो की शेजारचे तेलुगू रावगारू विचारतात, गावाहून आलात का. दोन्हीकडे वीतभर राहतं. पूर्वी ती वीत मी थापा मारून भरायचो. आता तेवढी जागा राहू देतो, आणि चहा पितो.