चाचांचा हातगुण

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. भाव करताना माझी जीभ अडत नाही – इथं मात्र दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

भूकंपात आमच्या घराला नुसत्या भेगा गेल्या, म्हणून मदतीच्या यादीत नाव आलं नाही. तो राग अजून आहे. लातूरकडून रिकाम्या हातानं नांदेडला आलो, तेव्हा गफूरचाचांनी मला मत्स्यबीजाच्या, म्हणजे तळ्यात सोडायची माशांची पिल्लं काढायच्या कामाला लावलं. पोट दाबून मादी अंडी टाकायला तयार आहे का ते ओळखायचं, त्यासाठी इंजेक्शन कुठं द्यायचं – सगळं त्यांनीच शिकवलं. मुखेड, हिमायतनगरचं गिऱ्हाईक यायचं ते त्यांच्या हातगुणावर. पुढं विष्णुपुरीजवळ मी स्वतःचं तळं केलं आणि चाचा माझ्याकडं कामाला आले. मालक मी – पण बीज खपायचं त्यांच्या नावावर. हे मला सलत होतं का? होतं.

मग शिकवण्यांची लाट आली. तळ्याच्या वरच्या अंगाला मी बाहेरगावहून शिकायला येणाऱ्या पोरांसाठी होस्टेल बांधलं. न्हाणीचं, धुण्याचं पाणी नाल्यात सोडलं. त्याच नाल्यात कापसावरच्या फवारणीचं पाणी उतरायचं, आणि नाला तळ्यात. एक मासा मेला नाही. पण माद्यांनी निम्मी अंडी अंगातच धरली. टाकली ती पांढरी पडली. पुढच्या हंगामात तर सगळीच पांढरी. गिऱ्हाईकं पिशव्या घेऊन काठावर उभी.

"पाणी बदलून बघ, बेटा," चाचा म्हणाले. "मासा लबाड नसतो."

माझं डोकं फिरलं. "पाण्याला काय झालंय? तुमचा हातगुण गेला, चाचा. घरी बसा आता."

सगळ्यांसमोर म्हणालो.

आणि पाणी – ते मी आठ दिवसांपूर्वीच तपासून घेतलं होतं. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: साबणाचं पाणी आणि फवारणीचं औषध, एकेकटं थोडंच, पण दोन्ही मिळून माशांची वीण मोडतं. तो कागद बाहेर काढला असता, तर भरलेलं होस्टेल बंद करावं लागलं असतं. मी काढला नाही.

पुढच्या हंगामाआधी मी गुपचूप नाला अडवला, बोअरचं पाणी घेतलं, नव्या माद्या आणल्या. अंडी काचेसारखी निघाली. लोक म्हणाले, "हात बदलला अन् यश आलं बघा." मी मान हलवली.

चाचांना पुन्हा कुणी तळ्यावर बोलावलं नाही. ते त्यांनी सोसलं असतं – पण त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं. त्यांना नातू झाला, तेव्हा मी मिठाई घेऊन गेलो. सुनेनं बाळ त्यांच्यापुढं केलं. चाचांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"ह्या हातात नको, बेटी."

तेव्हा बोलता आलं असतं ना? चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कागद अजून पेटीत आहे.

त्या दिवशी सुनेनं मग बाळ माझ्याकडं दिलं. मी घेतलं.