भिंतीवरचा चौकोन

आज कुणीतरी प्लॉट आखत होतं. चुन्याच्या फक्कीचा कोरडा वास नाकात गेला आणि काही वर्षांपूर्वीची शेलूबाजारची ती दुपार आठवली. माझ्या ऑफिससमोरच्या जमीन-दलालाच्या भिंतीवर एजंटच्या परवान्याची फ्रेम होती. मी त्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन, परवाना लागत नाही अशा जुन्या घरांचे सौदे करत बसलेलो. गिऱ्हाईक जीपमधून उतरलं की सरळ त्याच्याकडे जायचं आणि माझा जळफळाट व्हायचा. मग त्याने नोंदणी न झालेल्या लेआउटात फक्की मारून प्लॉट दाखवले. तक्रार मीच केली. परवाना सहा महिने निलंबित झाला आणि त्या दुपारी त्याने सगळ्यांदेखत फ्रेम उतरवली. मी माझ्या दारातून बघत होतो. एक शेतकरी म्हणाला, "कागद गेला तं काय झालं भाऊ, आमाले प्लॉट तुमीच दाखवा." तो म्हणाला, "चूक माहीच हाये. सहा महिने थांबा." भिंतीवर उरलेल्या पांढऱ्या चौकोनाकडेही लोक आदरानं बघत होते. आता माझ्याकडेही परवाना आहे, सागवानी फ्रेममधला. समोरचं शटर बंद असलं की गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, त्या फ्रेमखाली बसतं आणि विचारतं, "भाऊ कवा येतीन?"