जामसिंगच्या नावाची नोटीस

शनिवारचे दोन वाजायला दहा मिनिटं होती आणि जामसिंगचा पत्ता नव्हता. बोर्डिंग पाहिलं, लायब्ररी पाहिली, मागची विहीर पाहिली. खोलीत त्याची पत्र्याची पेटीही नव्हती. मी परत आलो तेव्हा प्रिन्सिपॉल साहेब त्याचा अर्ज पुढ्यात घेऊन बसले होते.

मी जळगावातल्या एका कॉलेजात शिपाई होतो. महाराष्ट्र तेव्हा व्हायचा होता. शिक्षण चौथीपर्यंत. कामं मुख्य दोन, घंटा द्यायची आणि नोटीस लावायची. नोटीस म्हणजे ऑफिसनं लिहिलेला कागद. तो फळ्यावर लावायचा, आणि ज्याचं नाव असेल त्याला गाठून सांगायचं.

कॉलेजात विद्यार्थी मंडळ होतं. मुलांनी मतं देऊन निवडलेली मुलं साहेबांपुढं मुलांच्या वतीनं बोलायची. पण दरवर्षी निवडून यायची ती गावातल्या वकील-व्यापाऱ्यांचीच पोरं. बोर्डिंगची पोरं खेड्यापाड्यांतली. तोंड उघडलं की खान्देशी बोली यायची, वर्गात हशा व्हायचा. मग ती मागच्या बाकावर गप्प बसायची, अन् घंटा झाली की मान खाली घालून खोलीवर. संमेलनाला एकही फिरकत नसे. त्या वर्षी मंडळाचं काम एका नव्या सरांकडे आलं. त्यांनी एक जागा बोर्डिंगसाठी ठेवली.

जामसिंग चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा. बोलायला कमी. पण मेहरूणकडच्या एका वस्तीतली विहीर गाळानं भरली होती, तर यानं बोर्डिंगची पोरं नेऊन चार रविवारांत ती उपसली. वस्तीतल्या बाया त्यांना ‘कॉलेजवाला पोरे’ म्हणायला लागल्या. त्यानंतर ती पोरं जरा ताठ चालायची. कॉलेजनं त्यांना कॉलेजची पोरं असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनीच सह्यांचा अर्ज करून, त्याला न सांगता, त्या जागेसाठी जामसिंगचं नाव दिलं.

शुक्रवारी सकाळी मी नोटीस लावली. मंडळासाठी ज्यांची नावं आली त्यांनी उद्या दोनच्या आत साहेबांसमोर येऊन सही करावी, नाहीतर अर्ज बाद. लावून वळलो तर जामसिंग बादली घेऊन समोर. मला गंमत सुचली. तोंड लांब करून म्हणालो, “जामसिंग, तुन्हा नावनी नोटीस निंघनी. उद्या दोनले सायेबसमोर हाजर व्हवानं शे.”

त्यानं बादली खाली ठेवली. “मी काय करं, नाना?” काय केलं मी, असं तो विचारत होता.

“ते सायेबलेच इचार,” म्हणालो आणि घंटा द्यायला गेलो. हसतच गेलो.

दुपारी जेवताना बायकोला ही गंमत सांगितली. ती हसली नाही. तिचं माहेर यावलकडचं, डोंगराच्या बाजूचं. तिनं सांगितलं, तिकडे नोटीस एकच असते, जंगलखात्याची. ती निघाली की माणूस पेटी उचलून नातलगाकडे पळतो. आत्ता जा आणि पोराला नीट सांगा.

मी म्हणालो, “पोऱ्या कॉलेजमां शे. वाचता येस त्याले.”

“वाचाले थांबी तवय ना,” ती म्हणाली.

मी गेलो नाही. बोर्डिंग दोनशे पावलांवर होतं.

शनिवारी साहेबांनी घड्याळाकडे पाहून विचारलं, “त्याला सांगितलं होतंस ना?”

“होय साहेब. कालच.”

सर बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, “मग काय म्हणाला तो?”

“काही नाही,” मी म्हणालो.

नोकरी जाईल म्हणून बोललो नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. नोकरी काही जात नव्हती. चारचौघांत मूर्ख ठरायचं नव्हतं, एवढंच. साहेबांनी अर्जावर ‘बाद’ लिहिलं. दोनची घंटा मीच दिली.

बायकोनं रात्रभर तोंड फिरवून ठेवलं, तेव्हा रविवारी मोटारीनं चोपड्याला गेलो आणि पुढं पायी. जाताना अक्कल एवढी की अंगात शिपायाचा खाकी कोट तसाच, जंगलखात्याच्या माणसासारखा. जामसिंगचा बाप निंदणी टाकून उठला आणि त्यानं हात जोडले. “पोऱ्या आठे नही शे, सायेब.” मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब म्हणालं. मी कोट काढून बांधावर बसलो, सगळं समजावलं. नोटीस चांगली होती, पोराला मान मिळणार होता. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चांगली नोटीस बी ऱ्हास?”

पोरगा कुठं आहे ते त्यानं सांगितलं नाही.

जामसिंग परत आला नाही. पुढं कोणीतरी सांगितलं, लाकूडतोडीच्या मजुरीवर जातो. वस्तीतल्या त्या विहिरीकडे मग कोणी गेलं नाही. बोर्डिंगची जागा वर्षभर रिकामी राहिली आणि पुढच्या वर्षी काढून टाकली. मंडळाच्या वहीत कारण लिहिलं, ‘बोर्डिंगच्या विद्यार्थ्यांना उत्साह नाही.’ ती वही कपाटात मीच ठेवत होतो.

दोन वर्षांनी सरांची धुळ्याला बदली झाली. सामान बांधताना मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग म्हणाले, “नाना, तेव्हा बोलला असतात तर मी साहेबांकडून सोमवारपर्यंतची मुदत घेतली असती. ते नाही म्हणाले नसते.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. नंतरच्या इतक्या वर्षांत तिनं मला भाजीच्या मिठावरून टोमणे मारले, माझ्या भावांवरून मारले, पण जामसिंगवरून एकदाही नाही. मारायला हवा होता. तिला जाऊन आता आठ महिने झाले, आणि ही गोष्ट माहीत असलेलं घरात दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितो.

नोटीस लावणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच. आपण काय बोललो ते आपल्याला पाठ असतं. समोरच्यानं काय ऐकलं, ते त्याला विचारावं. अर्धं मिनिट लागतं.