साडूंची गाडी गार होईपर्यंत

परभणी जिल्ह्यात बंद पडलेल्या गाडीशेजारी इतक्या समाधानाने बसणारा माणूस आमच्या साडूंखेरीज दुसरा नसेल. गाडी बंद पडली की माणसं वैतागतात, लाथ मारतात, कंपनीचा उद्धार करतात. आमचे साडू हेल्मेट काढतात, रुमालाने टक्कल पुसतात आणि बसायला सावली शोधतात. गाडी लाल रंगाची, पुढे वाकून चालवायची, शर्यतीतल्यासारखी. लग्नाआधी हौसेने घेतलेली. पुढे कंपनीने ते मॉडेलच बंद केलं, पण ही बातमी साडूंनी मनाला लावून घेतली नाही. आता तिचा आरसा ट्रॅक्टरचा आहे, इंडिकेटर ऑटोचा आहे, पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असतानाही भरल्या पोटाने उभा असतो. मूळ गाडीचा म्हणावा असा रंग आणि हट्ट एवढंच उरलं आहे.

साडू राहतात सेलूला आणि जिंतूरच्या पलीकडे एका खेड्यात गणित शिकवतात. गाडी सेलूहून निघाली की देवगाव फाट्यापर्यंत बिनतक्रार धावते. फाटा आला की तापते आणि मान टाकते. मग बटण दाबा, किक मारा, नवस बोला, गार झाल्याशिवाय ती हूं की चूं करत नाही. मी एकदा तिच्यावर मागे बसलो होतो. मागची सीट इतकी उंच, की वाटेतल्या लोकांनी मला गावात आलेला पुढारी समजून नमस्कार केले. फाट्यावर गाडीने दम सोडला तेव्हा मी काळजीने म्हणालो, "आता हो?" साडू शांतपणे म्हणाले, "आता च्या. ती गार होती, आपण गरम होऊ."

या गार होण्याच्या वेळात साडूंचा सगळा संसार फाट्यावर उभा राहिला आहे. चहाच्या हॉटेलवाल्याच्या मुलीचं गणित तिथेच बाकावर बसून पक्कं झालं. पंक्चरवाल्याच्या म्हातारीला दवाखान्याची चिठ्ठी साडूच वाचून दाखवतात, कोणती गोळी उपाशीपोटी ते सांगतात. शेंगा विकणारी मावशी त्यांना बघितल्याबरोबर मूठभर शेंगा काढून ठेवते. ज्याची गाडी कधी बंद पडत नाही, त्याला रस्ता नुसता पळताना दिसतो. साडूंना तो माणसांसकट ओळखतो.

पण आमच्या मेव्हणीला हे कोण सांगणार? तिच्या मते त्या गाडीने घराण्याची अब्रू रोज फाट्यावर नेऊन टांगली होती. त्यात रूपासाठी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीसाठी, जिंतूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं सालस, आणि रूपालाही तो आवडला होता, हे तिने माझ्या बायकोच्या कानात सांगून ठेवलं होतं. मेव्हणीने धसका घेतला. "दाजी, तुमीच सांगा ह्यांना," ती मला म्हणाली. "लोक चौकशी करतेत. ज्याला गाडी सांभाळता येत न्हाई तो पोरीला काय वळण लावणार, असं म्हणले तर? ही सोयरीक गेली तर पोरगी मनातून खचंल." साडूंनी गाडी घरामागे नेली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. बैल विकल्यावर माणूस गोठ्याकडे बघतो तसं एकदा वळून बघितलं, एवढंच.

पाहुण्यांना घर ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना घ्यायला साडू फाट्यावर गेले. यष्टीने. इस्त्रीचा सदरा आणि मेव्हणीच्या हुकमावरून बंद ठेवलेला मोबाईल, असे ते उतरले आणि कुणाशी न बोलता पाहुण्यांच्या जीपमध्ये बसून सेलूला आले. बोलले असते तर गाडीचा विषय निघाला असता ना! फाट्यावरच्या लोकांनी मात्र एवढंच बघितलं, की सर गाडीशिवाय आले, चहा न पिता, पडलेल्या चेहऱ्याने अनोळखी माणसांच्या जीपमध्ये बसून गेले. फोन लावावा तर बंद.

इकडे पोहे झाले, रूपा येऊन बसली, मुलाच्या आईने तिला शिक्षणाचं विचारलं, आणि दारात हॉटेलवाला, पंक्चरवाला आणि शेंगावाली मावशी अशी तिघं घाबरीघुबरी उभी राहिली.

"सर, बरं हाय ना?" हॉटेलवाल्याने विचारलं. "यष्टीनं आलाव, च्या बी घेतला न्हाई. आमाला वाटलं दवाखान्यात न्यायलेत."

"आन् गाडी कुठं हाय?" मावशीने घरभर नजर फिरवली. "इकली का काय?"

मेव्हणीचा चेहरा पांढराफटक पडला. साडू खाली मान घालून सतरंजीचे दोरे मोजू लागले. मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "बसा की सगळे. कोणती गाडी?" मग काय विचारता! तिघांनी मिळून सगळं सांगितलं. रोजचं बंद पडणं, मुलीचं गणित, म्हातारीच्या गोळ्या. मेव्हणीने डोळे मिटून घेतले होते. ऐकून झाल्यावर मुलाचे वडील उठले, साडूंना पुढे घालून सगळ्यांसह घरामागे गेले आणि त्यांनी ताडपत्री बाजूला केली.

"चालू होती का?" त्यांनी विचारलं.

"गार असली तर," साडूंनी खरं ते सांगितलं.

मुलाचे वडील हसले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "चौकशीला आपण फाट्यावर जाणारच होतो. फाटाच चालत घरी आला. आता आनखी कोणाला इचारायचं?"

लग्न उन्हाळ्यात झालं. फाट्यावरची मंडळी पहिल्या पंगतीला होती आणि त्यांना आग्रह करून वाढणारी आमची मेव्हणी होती.

आता रूपाचं सासर साडूंच्या शाळेच्या वाटेवरच आहे. पण लेकीच्या घरी बापाने फार वेळ बसू नये, ही जुनी रीत साडूंच्या हाडात मुरलेली. गाडी तापली म्हणून थांबलो, एवढं सांगून ते ओसरीच्या कडेला टेकतात. परभणीच्या एका मिस्त्रीने खटपट करून गाडीचं तापणं थांबवणारा दुर्मीळ पार्ट मिळवून दिला. साडूंनी तो कपाटात ठेवला आहे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बसवू की. घाई कामून करायलाव?"

परवा मी त्यांच्याबरोबर रूपाकडे होतो. चहा झाला, पोहे झाले, ऊन कलायला लागलं. मी उठलो, तसे नाइलाजाने साडूही उठले. रूपा आमच्या आधी अंगणात गेली, तिने इंजिनाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, लय गरम हाय अजून. बसा थोडं."

साडू लगेच परत टेकले. मी चप्पल शोधायच्या निमित्ताने गाडीजवळ गेलो आणि इंजिनाला हात लावून बघितला. ते केव्हाच गार झालं होतं. रूपा माझ्याकडे बघत होती. "हो, चांगलंच तापलंय," मी म्हणालो आणि साडूंच्या शेजारी जाऊन बसलो.