आधी तिले विचारू

मी आज जो काही आहे, तो मारेगावच्या फोटोवाल्या रशीदचाचांमुळे. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, सलमाचा फोन आला, "दादा, अब्बा गेले..."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मुकुटबनजवळच्या खेड्यातून मी मारेगावला शिकायला आलो आणि संगणकाला पहिला हात लावला तो चाचांच्या स्टुडिओत. पुढे पुण्यात नोकरी लागली. गिऱ्हाइकाने साध्या मराठी वाक्यात हवं ते लिहायचं, संगणकाने ढीगभर फोटोंतून तसा फोटो शोधायचा आणि आम्ही तो वापरण्याचा परवाना विकायचा, असं ते काम. चाचांचे जुने फोटोही त्या संग्रहात आले. त्यांची अट एकच होती, "इकायच्या आधी मले सांगजो."

कापसाची ती वाईट वर्षं. यवतमाळ म्हटलं की लोक विधवांचेच फोटो मागत. एका प्रकाशकाने लिहिलं, 'कापसाच्या शेतातली दुःखी विधवा', आणि यंत्राने पुढे केली चाचांच्या एका जुन्या फोटोतली शेवंताबाई. डोळे बारीक, ओठ घट्ट मिटलेले, तोंडाशी पदर. मुखपृष्ठासाठी त्याला तीच हवी होती. मी चाचांना कळवलं. ते म्हणाले, "फोटो माहा, पण तोंड तिचं. आधी तिले विचारू." त्यांची रीतच तशी. कुठलाही फोटो धुतला की पहिली प्रत ते फोटोतल्या माणसालाच दाखवत.

दिवाळीत गावी आलो, तेव्हा आम्ही दोघं तिच्या अंगणात जाऊन बसलो. ऐकून ती उसळलीच, "काहो रशीदभाऊ, माहा नवरा तिकडं बैलाले पाणी पाजून राह्यला, अन् तुम्ही मले विधवा करता?"

गोठ्यातून नवरा ओरडला, "पुस्तक छापेपर्यंत मरतो, मंग उठतो!"

"मंग काकू, तोंड असं काहून केलतं?" मी विचारलं.

"अरे बाबू, हे रशीदभाऊ फोटो काढता काढता सरपंचाची नक्कल करून राह्यले होते, अन् यायच्या मांगंच माही सासू उभी! हसू दाबू नाही तं काय करू?"

प्रकाशकाला परवाना दिला नाही. परत येताना मी यंत्राला नावं ठेवत होतो, तेव्हा चाचा शांतपणे म्हणाले, "बेटा, मशीनवर कायले चिडतं? तिले कोणी सांगतलंच नाही. तू सांग." पुण्याला गेल्यावर मी संगणकात त्या फोटोला जोडलेलं वर्णन बदललं. तेव्हापासून, जमेल तिथे, फोटोतल्या माणसाला विचारूनच मी त्याच्याबद्दल लिहितो.

शेवटी शेवटी चाचांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून मी पत्र पाठवी. परवा स्टुडिओत गेलो. काउंटरच्या काचेखाली, शेवंताबाईच्या फोटोशेजारी, माझं एक पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं...

"चाचा, सलाम. आज 'हसू दाबणारी बाई' असं लिहून शोधलं. शेवंताकाकूच पहिल्या आल्या. सासूबाई फोटोबाहेर उभ्या होत्या, हे मात्र यंत्राला कसं कळणार? काकूंना एकदा विचारून सांगा, तेही लिहू का?"