पाहुण्यांच्या झोपेतली फायनल

प्रमुख पाहुणे, म्हणजे मुंबईचे शेट, जेवून झोपले होते आणि मुलींच्या कबड्डीची फायनल त्यांच्या उठण्यावर अडली होती. दोन्ही संघ खेळायच्या आधीच बसून बसून दमले होते. पाहुण्यांनी नारळ फोडल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही, असा यजमान शाळेच्या हेडमास्तरांचा हुकूम. ते स्वतः पाहुण्यांच्या ओटीवर, शेट कूस बदलतात का ते बघत बसलेले.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका छोट्या दैनिकात बातमीदार होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शाळांच्या स्पर्धा, सत्कार, वाघाने नेलेली वासरं, सगळं माझ्याच गळ्यात. मालगुंडजवळच्या त्या गावातून कॉपी, म्हणजे हाताने लिहिलेली बातमी, ऑफिसात पोचवायचा एकच मार्ग होता. पाचच्या एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं. पुढे प्रेसमध्ये कंपोझिटर शिशाचं एकेक अक्षर हाताने जुळवणार. उशिरा आलेल्या बातमीला तो शिवतसुद्धा नसे. पाचची एसटी गेली की डेडलाइन गेली. मग आमचे संपादक नाना त्या जागेत खरजेच्या मलमाची जाहिरात टाकत आणि आठवडाभर माझ्याशी बोलत नसत.

शेवटी मी यजमान शाळेतल्याच पी.टी.च्या साळवी सरांना गाठलं. म्हटलं, शेट उठायची वाट बघत बसलात तर उद्याच्या पेपरात तुमची फायनल नाही, मलम आहे. खाडीपलीकडून आलेल्या मुलींनाही काळोख पडायच्या आत होडी गाठायची होती. साळवी सरांनी एकदा शेटच्या घराकडे पाहिलं आणि स्वतःच नारळ फोडला. भला माणूस.

सामना झकास झाला. खाडीपलीकडची शाळा पहिल्यांदाच फायनलला आली होती. त्यांची कॅप्टन सुगंधा चढाईला आली की समोरच्या मुली पार मागच्या रेषेला चिकटायच्या. मध्यंतरानंतर तिच्या संघाने लोण चढवला. लोण म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद करायचा. त्याचे जादा गुण मिळतात. यजमान शाळा तिथेच संपली. मी मांडीवर कागद ठेवून खरडत होतो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा एसटी नाक्यावर हॉर्न देत होती. धावत जाऊन पाकीट कंडक्टरच्या हातात कोंबलं आणि टपरीवर ऐटीत चहा सांगितला.

चहा संपायच्या आत शेट हजर. मूळचे गावचेच, मुंबईत बस्तान बसवलेले. विजेत्यांची ढाल त्यांनीच आईच्या नावाने दिलेली. "हं, करा सुरू," म्हणाले. सामना संपलाय हे सांगायची हेडमास्तरांची छाती होईना. त्यांनी मुलींना हळूच सांगितलं, शेटसाठी थोडं खेळून दाखवा. दुसरा नारळ फुटला. खाडीपलीकडच्या मुली जिंकून बसलेल्या, त्या हसत-खिदळत खेळल्या. यजमान मुली मात्र जिवावर उदार होऊन खेळल्या आणि जिंकल्या. शेट खुशीत उठले आणि आपल्या गावच्या कॅप्टनच्या हातात ढाल देऊन मोकळे झाले. त्यावर हेडमास्तर टाळ्या वाजवतायत! माझं टाळकंच सरकलं.

सुगंधा माझ्याकडे आली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"सर, जिकलाव आमी ना? मंग ढाल त्यांना कशी?"

मी म्हटलं, पेपरात तुम्हीच जिंकलायत, बातमी गेलीसुद्धा.

"पेपर काय कपाटात ठेवायचा?" ती म्हणाली.

तेवढ्यात हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि बातमीतला निकाल फिरवायला सांगितला. मी म्हटलं, एसटीला फोन नसतो.

सकाळी बातमी छापून आली. दुपारी हेडमास्तर आमच्या ऑफिसात. ढाल त्यांच्या शाळेत आणि पेपरात ते हरलेले, म्हणजे शाळेची बदनामी. खुलासा छापा, म्हणाले. नानांनी मला बोलावून सगळी हकीकत विचारली. मी हेडमास्तरांसमोरच सांगितली.

"यात काही खोटं आहे?" नानांनी हेडमास्तरांना विचारलं.

"खोटं असं नाही, पण..."

"तरी खुलासा हवाच?"

"हवाच."

नानांनी तो स्वतः लिहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत आला: 'प्रमुख पाहुणे झोपले असताना झालेला अंतिम सामना खाडीपलीकडील शाळेने जिंकला. पाहुणे उठल्यानंतर झालेला सामना यजमान शाळेने जिंकला. दोन्ही शाळांचे अभिनंदन.'

अख्खा तालुका हसला. शेट अजून गावातच होते. आधी ते आमच्या पेपरला आईमाईवरून बोलले. मग साळवी सरांना बोलावून खरं काय ते विचारलं. सरांनी सांगून टाकलं. त्याच दिवशी शेट होडीत बसले, शेजारी मांडीवर ढाल घेऊन हेडमास्तर. पलीकडच्या शाळेत शेटनी ती सुगंधाच्या हातात दिली आणि म्हणाले, "माझ्या आईचं नाव आहे तिच्यावर. हरलेल्यांच्या कपाटात नको."

हे मला पुढे त्या गावी गेलो तेव्हा साळवी सरांनी सांगितलं. नानांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, बातमी कुठाय? पाचच्या एसटीने का नाही पाठवलीस?

मी पुढे बरीच वर्षं या धंद्यात काढली. खुलासा मागायला कुणी आलं की मी आधी खुर्ची द्यायचो, चहा मागवायचो आणि शांतपणे विचारायचो, नक्की हवाय ना?