खडवलीची नदी मी कशी पार केली

२०२३ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. कल्याणच्या मार्केटात माझ्यासोबत गोणी उचललेले तिघे दोस्त आणि मी, दोन दिवस समुद्राकाठी कॉटेज भाड्यानं घेतलेलं. पोरवयात खडवलीची नदी पोहून पार केली, हे मी त्यांना चाळीस वर्षं ऐकवत आलेलो. तेव्हा त्यांनी मला पाण्यात ढकललंच. पहिल्याच लाटेनं आडवा झालो. एकानं बनियनला धरून बाहेर ओढलं.

“काय रे, नदी पार कशी केलीस मग?”

तोंडात इतकं खारं पाणी, की थाप मारायला जागाच नव्हती.

“म्हशीची शेपटी धरून.”

“म्हणजे म्हैस पोहली, गाढवा!” तिघेही वाळूत लोळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, मला ओढून काढणाऱ्याला लाथ घालून उठवलं. म्हटलं, “चल, पोहायला शिकव.”